काठावरचा पसा

आमच्या गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. आमच्या ऑफिसला मात्र सांगावं लागलं. संस्थेने आम्हा प्रशिक्षकांना जे पुस्तक दिलं त्याच्या पहिल्याच पानावर माडाचं झाड होतं, खाली होडी, आणि वर लिहिलेलं: ‘किनाऱ्यावरच्या गावांसाठी शाश्वत छोटे उद्योग’. मी साहेबांना म्हटलं, हे कोकणातलं दिसतं, आपल्याकडे कुठला आला किनारा? साहेब मान वर न करता म्हणाले, "मॅडम, तलाव है ना? किनारा तो किनारा. थोडं बदलून घ्या." मग मी पेन घेतलं. जिथे समुद्र होता तिथे तलाव केला, जिथे मासळी होती तिथे शिंगाडा केला. अर्ध्या दिवसात अख्खा समुद्र आटवला. किती हुशार वाटलं होतं मला स्वतःला!

तेव्हा माझं वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, नोकरी फिरतीची, आणि तोंड पहिल्यापासून फटकळ. फुलचूरला माझ्या गल्लीत अजूनही कोणी माझ्या फाटकासमोर गाडी लावत नाही. बचत गटाच्या बैठकीत मी उभी राहिले की बाया पदर सावरून गप बसायच्या, ह्याचा मला अभिमान होता. आज त्याची लाज वाटते. पण होता, तर होता म्हणायला पाहिजे.

चिचगडच्या रस्त्याला लागलं की एका ठिकाणी आत फाटा फुटतो. तिथून जंगलाच्या कडेकडेने गेलं की ते गाव लागतं. वर तळं, तळ्याची मातीची लांब पाळ, आणि पाळीच्या खाली धानाच्या बांध्या. तळं कोण्या काळी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेलं, धान पिकवण्यासाठी. पाळीच्या एका टोकाला मासे धरणाऱ्यांची थोडी घरं होती. त्या घरांतल्या बाया पावसाळ्यात तळ्यात शिंगाड्याचे वेल लावायच्या, आणि दसऱ्यानंतर डोंग्यात बसून एकेक वेल उलटा करून शिंगाडे तोडायच्या. काटे टोचून टोचून त्यांच्या बोटांची कातडी जाड झालेली. तोडलेले शिंगाडे तिथेच काठावर मोठ्या गंजात उकडायचे आणि टोपल्यात घालून फाट्यावर एसटीजवळ विकायचे. दोन महिने हे काम. बाकी दहा महिने दुसऱ्याच्या बांधीत रोवणी नाहीतर कापणी.

त्या गटाची जी पुढारीण होती, तिची ही गोष्ट आहे. ती माझ्याच वयाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती एकटी. एक मुलगी होती, ती बारावी होऊन दक्षिणेत कुठल्याशा सूतगिरणीत कामाला गेलेली. आमच्या भागातल्या पोरी अशा जातात. गाडी भरून जातात. ही पुढारीण तळ्याला ‘तरा’ म्हणायची आणि मला मॅडम. मी तिला बाई म्हणत असे, सगळ्यांनाच म्हणत असे.

पहिल्या बैठकीत मी ‘शाश्वत’ शब्द फळ्यावर लिहिला. बाया एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या, कारण कोणालाच तो म्हणता येईना. एकीने ‘सासवत’ केलं, दुसरीने ‘सासूवत’ केलं आणि मग तर हसून हसून पुरेवाट झाली. मी दटावलं. तेव्हा पुढारीण मागून म्हणाली, "मॅडम, पन म्हंजे काय होये थे?"

"म्हणजे टिकणारं," मी म्हटलं. "आज सुरू केलं आणि उद्या बंद पडलं, असं नाही. बारा महिने चालणारं."

"बारा महिने?"

"हो."

तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "मंग माही पोरगी टिकंल का इथं?"

आता कोणी हसलं नाही. नंतर ती मला पाळीवरून फाट्यापर्यंत सोडायला आली आणि रस्ताभर तेच बोलत राहिली. पोरगी म्हणते, बारा महिन्याचं काम असेल तर येते, नाहीतर दोन महिन्यांसाठी येऊन मी काय करू, तिथली जागा जाईल. गिरणीत उभं राहून राहून तिचे पाय सुजतात. फोनवर बोलताना मागून मशीनचा आवाज येतो, त्यात अर्धं बोलणं कळतच नाही. "मले कारखाना नाई पायजे मॅडम, बंगला नाई पायजे," ती म्हणाली. "पोरगी घरी पायजे. बस." मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, आणू तिला. माझ्या तोंडाला कोणी लगाम घातला असता तर बरं झालं असतं.

योजना काही वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. ओला शिंगाडा दोन दिवसांत नासतो. तोच उकडून, सोलून, पाळीवर वाळवून दळला तर पीठ वर्षभर टिकतं. आणि उपास काय बाराही महिने असतात. चतुर्थी आहे, एकादशी आहे, शिवरात्र आहे. गोंदियातल्या एका किराणावाल्याने पाकिटं ठेवायला होकार दिला. मुर्रीला एक ओळखीची चक्की होती, तिथे दळायची सोय मी लावून दिली. तळ्याला काही इजा नाही, खत नाही, औषध नाही. पुस्तकातल्या सगळ्या चौकटींत बरोबर बसणारं काम होतं.

पोळ्याच्या सुमारास पोरगी खरंच आली. लांबसडक, काळीसावळी, आईपेक्षा दुप्पट बोलणारी. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मॅडम, मी सुट्टी टाकून आली. दिवाळीपर्यंत पायते. जमलं त राहीन, नाई त पोरीयच्या गाड्या जाऊनच रायल्या." आईच्या देखत म्हणाली. मला तिचा राग आला आणि ती आवडलीही. मी तिच्या वयात अशीच होते.

पाकिटावर लावायचं चित्र तिनेच काढलं. दोन शिंगांचा शिंगाडा काढला, तर तो हुबेहूब बैलाचं तोंड दिसायला लागला. बाया म्हणाल्या, वं पोरी, उपासाचं पीठ होये का बैलाची ढेप-पेंड? तिने रागाने कागद फाडला, मग पुन्हा काढला, पुन्हा बैल. शेवटी आई म्हणाली, राहू दे बैल, पोळ्याचा होये. आणि पोरगी इतकी हसली की खाली बसली. त्या दिवशी आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "किती दिसानं घरात हासनं आयकून रायली मी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ते घामाचं आहे असं दाखवून पुसलं.

मग आला तो पसा.

आदल्या वर्षीच्या तोडणीत मी तो पाहिला होता, पण पाहूनही मला दिसला नव्हता. गंज चुलीवरून उतरला की काठावर जो असेल त्याला पसाभर शिंगाडे द्यायचे. एका हाताच्या तळव्यात मावतील तेवढे, मोजून नाही, मागायची वाट न पाहता. गुराखी असो, शाळेतून येणारी पोरं असोत, बांधीतून वर आलेला शेतकरी असो. गावात कोणाच्या घरी मयत झाली असली तर त्या घरी टोपलीभर पाठवायचे, तेही न सांगता. तेव्हा मी एक दिवस बसून पाहिलं तर संध्याकाळपर्यंत एक टोपलं असंच गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाया काटे टोचून घेतात, वेल लावायला कंबरभर पाण्यात उभ्या राहतात, आणि गाव फुकट खातं!

पुस्तकात त्यावर एक पानच होतं. ‘काठावरची फुकट वाटणी बंद करा. मालाची गळती थांबली की उद्योग टिकतो.’ मूळचं ते मासळीबद्दल होतं, वाळूवर ओढलेल्या जाळ्याबद्दल. मी तिथे शिंगाडा लिहिला होता. बैठकीत ते पान मी खणखणीत आवाजात वाचलं.

मग पुढारीणच म्हणाली, "मॅडम, थो पसा त देनं रायते."

"काऊन देनं रायते?" मी तिच्याच बोलीत विचारलं. वेडावण्यासाठी विचारलं, खरं सांगायचं तर.

"देतेत ना मॅडम. माही सासू दे, तिची सासू दे."

"हे काही कारण झालं का बाई? का देतात ते सांगा. एक कारण सांगा, मी ऐकते."

तिला सांगता येईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी थांबले असते, चहा पीत तिच्या चुलीजवळ बसले असते, दोन दिवस त्या गावात राहिले असते, तर कदाचित सांगता आलं असतं तिला. पण मला शेवटची एसटी धरायची होती. मी म्हटलं, "बघा बाई, तुम्हाला बारा महिन्यांचा धंदा पाहिजे की नाही? पोरीला थांबवायचं आहे की नाही?"

तिने पोरीकडे पाहिलं. पोरगी कात्रीने लेबलं कापत होती. मग ती मला म्हणाली, "हो मॅडम. तुमी म्हन्ता तसं." बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. पुढारीण म्हणते ना, मग झालं.

दसरा झाला, तोडणी सुरू झाली. पोरीने पुठ्ठ्यावर भाव लिहून तो पुठ्ठा चुलीजवळच्या झाडाला बांधला. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते, फोटो काढायला. गंज उतरला होता, वाफ निघत होती. पाळीवरून गावचा पाणकर आला. पाणकर म्हणजे तळ्याचं पाणी शेतांना सोडणारा माणूस. गावाने नेमलेला, म्हातारा, गळ्यात पंचा. तळ्याचं जे तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, त्याची बुचं काढायची आणि घालायची हे त्याचं काम. तो नेहमीसारखा चुलीजवळ येऊन उभा राहिला आणि त्याने पंच्याचं टोक पुढे केलं.

पुढारीण माझ्याकडे पाहायला लागली. तिचा हात टोपल्याकडे गेला होता, तो तसाच राहिला. मीच पुढे झाले. "काका," मी म्हटलं, "आता उकडलेल्याचंही पाकीट मिळते. छोटं आहे, मोठं आहे. कोणतं देऊ?"

म्हाताऱ्याने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे. तो चिडला असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं. तो चिडला नाही. "असं होये का?" म्हणाला. "बरं बरं. चांगलं हाये." पंचा नीट घडी करून पुन्हा गळ्यात टाकला आणि पाळीवरून खाली उतरून गेला. मी बायांना म्हटलं, पाहिलं? काही आभाळ कोसळलं का? ती चुलीतलं लाकूड मागे ओढत बसली. मी दोन फोटो काढले आणि खुशीत घरी आले.

त्यानंतरचे दिवस चांगले गेल्यासारखेच वाटले. पहिलं पीठ दळून आलं, पांढरंशुभ्र. काठावर येणारं माणूस कमी झालं, गुराख्याने गुरं दुसरीकडून न्यायला सुरुवात केली, आणि मला वाटलं, शिस्त लागली. पोरगी फोनवर तिकडच्या मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं, "मी बहुतेक नाई येत आता. माह्याइथं काम सुरू झालं." आई पाठमोरी शिंगाडे सोलत होती. तिची पाठ सुद्धा हसत असावी असं मला वाटलं.

त्या वर्षी हस्ताचं नक्षत्र कोरडं गेलं होतं. धानाला शेवटचं पाणी पाहिजे होतं, लोंब्या भरायच्या होत्या. तुडूम उघडलं, ते दर वर्षीच उघडतात. आठवड्याने पुढारणीचा फोन आला. "मॅडम, पानी चाललं."

"कुठे चाललं?"

"खाली. थांबूनच नाई रायलं. वेल चिखलाले टेकले."

मी काय सांगितलं असेल? अर्ज करा, म्हटलं! ग्रामपंचायतीला अर्ज, तहसीलला प्रत. मी फोनवर मजकूर सांगितला आणि पोरीने तो लिहून घेतला. ‘विषय: तलावातील पाणीसाठा राखण्याबाबत.’ मी तिला विचारलं, पाणकराला जाऊन भेटल्या का? ती म्हणाली, "कोन्या तोंडानं जाऊ मॅडम?" मला तेव्हा वाटलं, ह्या बाया भित्र्या. दुसऱ्या दिवशी मीच गेले, भांडायच्या तयारीने.

म्हातारा तुडुमाजवळच बसला होता, बिडी पीत. मी आल्या आल्या तोंडाचा पट्टा सोडला. बायांच्या पोटावर पाय देता का, एवढं पाणी कशाला पाहिजे धानाला, गरिबाचं चार पैशांचं काम उभं राहते ते पाहवत नाही का. त्याने सगळं ऐकून घेतलं. बिडी दगडावर विझवली.

"बाई," तो म्हणाला, "हा तरा धानासाठी बांधला. पानी धानाचंच होये."

"मग आजवर कसं राहत होतं शिंगाड्याला?"

"आमी ठेवत होतो. मी दोन बुचं मारून देत होतो. खालचे शेतकरी म्हनत, राहू दे, थ्या बायांचं होऊन जाऊ दे. एखांदी बांधी सुकली त सुकली. मयतीच्या घरी टोपली येत होती, लेकरं खात होते. थे त्यायचं देनं होतं, हे आमचं देनं होतं." त्याने तुडुमाकडे बोट केलं. "औंदा मले कोनी थांब म्हनलं नाई. मी कोनाच्या भरोश्यावर बुच मारू?"

त्याच्या बोलण्यात सूड नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला त्याला धरता आलं असतं. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. ते टोपलंभर शिंगाडे फुकट जात नव्हते, त्यांच्या बदल्यात अख्खं तळं उभं राहत होतं. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवहार कोणी कधी बोलून दाखवला नव्हता, म्हणून विचारल्यावर तिला सांगता आला नव्हता. आणि मी तिला म्हटलं होतं, एक कारण सांगा!

म्हातारा उठला आणि त्याने बुचं मारली. मी हात जोडले म्हणून नाही. मी तर तशीच उभी होते. त्याला स्वतःलाच वाटलं असावं. पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. मी पाळीवर चढून पाहिलं तर पाणी मध्यभागी थोडं उरलेलं, आणि कडेला चिखलावर वेल पसरून पडलेले, पानं पिवळी. आठ-दहा बाया गुडघाभर चिखलात वाकून जेवढे मिळतील तेवढे शिंगाडे काढत होत्या. निम्मे कोवळे, आत नुसतं पाणी भरलेले. बगळे बायांना न भिता शेजारीच चरत होते. ती मला पाहून चिखलातून वर आली. मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं. मी तुमचं वाटोळं केलं."

"तुमी काय पानी सोडलं का?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पुन्हा खाली उतरली.

पोरगी दिवाळीच्या चौथ्या दिवशी गेली. गोंदिया स्टेशनवर मी गेले होते. गाडीला वेळ होता, आम्ही तिघी बाकावर बसलो. आईने घरून भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून आणली होती. पोरगी नेहमीसारखं बोलत होती. ह्या डब्यात जागा मिळत नाही, त्या डब्यात मिळते. तिचा राग यावा म्हणून मी वाट पाहत होते. एक शिवी दिली असती तरी मला हलकं वाटलं असतं. गाडी लागल्यावर ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं शिकवनं बराबर होतं. आमचंच गाव तसं होये." मी तिला म्हणायला पाहिजे होतं की नाही पोरी, उलटं आहे. गाडी हलेपर्यंत माझ्या तोंडून ते निघालं नाही. फटकळ म्हणतात मला!

अहवालात मी काय लिहिलं, तेही सांगून टाकते. ‘अडचणी’ असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं: पाण्याची अनुपलब्धता. साहेबांनी मान डोलावली, म्हणाले, हां, बारिश कम थी. माझे ते दोन फोटो मात्र संस्थेच्या रंगीत पुस्तिकेत छापून आले. मायलेकी पाकिटं धरून उभ्या आहेत, खाली ‘यशोगाथा’. ती पुस्तिका मी घरी आणली नाही.

पुढच्या वर्षी बायांनी वेल लावले आणि गंजातून पसाही द्यायला लागल्या. गाव हळूहळू पुन्हा काठावर यायला लागलं. पिठाचं नाव कोणी काढलं नाही, मीही काढलं नाही. ती पुन्हा रोवणीला, कापणीला जायला लागली. मी नोकरी सोडली तरी अधूनमधून जात राहिले. काही काम नसायचं. बसायचे, चहा प्यायचे, यायचे. ती प्रत्येक वेळी विचारायची, "काई नवीन निंगालं का मॅडम? पोरीले सांगता येईन असं?" मी म्हणायचे, बघते. दुसरं काय म्हणणार?

मागच्या हिवाळ्यात पोरीचा मला फोन आला. मागे मशीनचा आवाज नव्हता, कुठल्यातरी खोलीतून बोलत होती. म्हणाली, इथेच एकाशी लग्न ठरवलं आहे, ओडिशाकडचा आहे, चांगला आहे. खोली घेतली आहे. आता गावाकडे राहायला येणं काही होणार नाही. मी म्हटलं, आईला सांगितलंस का? ती म्हणाली, "मले सांगनं नाई होत मॅडम. मी सांगतलं त माय म्हनंल, थांब, मॅडम काई तरी करून रायली. तुमी सांगा. तुमचं आयकते ते."

मी गेले. ती कापणीवरून आली होती, पाय धूत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसून सांगायचा धीर नव्हता. तिने तांब्या खाली ठेवला, पदराने पाय पुसले, खूप वेळ पुसले. मुलगा काय करतो विचारलं. दारू पितो का विचारलं. मग म्हणाली, "बरं झालं. तिले म्हना, माय रागावली नाई." मी म्हटलं, म्हणते. तिने मला चहा केला. आम्ही दोघी ओट्यावर बसून तो प्यालो, आणि मला वाटलं आता ती रडेल, पण ती रडली नाही.

मी निघाले तेव्हा ती पहिल्यासारखी फाट्यापर्यंत आली नाही. दारातच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? राग नोका करू."

"सांगा ना बाई."

"तुमी आता येत नोका जाऊ." माझा चेहरा पाहून तिने घाईने माझा हात धरला. "तुमाले वाईट नाई म्हनत मी. पन तुमी आल्या का मले आस लागते."

मी हो म्हटलं. त्यानंतर मी त्या गावाला गेले नाही.